प्रथमा विभक्ती आणि कर्ता: वाक्यात दोन्ही ओळखायचे कसे

विभक्तीच्या तक्त्यातली पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते: प्रथमा, प्रत्यय नाही, कर्ता. ही ओळ घेऊन ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्याकडे गेले की लगेच अडते. खाणारा राम आहे, पण त्याला ‘ने’ लागला आहे. प्रत्यय नसलेला शब्द आहे तो आंबा, आणि आंब्याने तर काहीच केलेले नाही. ‘मला भूक लागली’ हे वाक्य घेतले तर गोंधळ आणखी वाढतो.

चूक वाक्यांची नाही, तक्ता वाचण्याच्या पद्धतीची आहे. कर्ता हे वाक्यातले काम आहे आणि प्रथमा हे नामाचे रूप आहे. पुष्कळदा दोन्ही एकाच शब्दावर येतात, पण येतीलच असे नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीने हा भेद काटेकोर पाळला होता. ‘प्रातिपदिकार्थलिङ्गपरिमाणवचनमात्रे प्रथमा’ (२.३.४६) या सूत्रात शब्दाचा मूळ अर्थ, लिंग, परिमाण आणि वचन एवढ्यापुरतीच प्रथमा सांगितली आहे, कर्त्याचा त्यात उल्लेखच नाही. उलट ‘कर्तृकरणयोस्तृतीया’ (२.३.१८) या सूत्राने कर्त्याला तृतीया (मराठीत ‘ने’, ‘नी’ची विभक्ती) दिली आहे. ‘रामः गच्छति’ मध्ये कर्ता कोण हे ‘ति’ या क्रियापदाच्या प्रत्ययानेच सांगून टाकलेले असते, म्हणून नामाला नुसती प्रथमा पुरते. मराठी व्याकरणाने विभक्त्यांची नावे संस्कृतातून घेतली, ही सावधगिरी मात्र शालेय तक्त्यापर्यंत पोचली नाही.

म्हणून वाक्याला तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. काम करणारा कोण? प्रथमेत कोणता शब्द आहे? क्रियापद कोणाप्रमाणे बदलते? तिन्हींचे उत्तर एकच आले तर कर्तरी प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालणारी रचना. नाही आले तर काय करायचे, ते पुढे.

पायरी १: क्रियापद गाठा, तेही शेवटचे

सुरुवात नामापासून करू नका. आधी क्रियापद शोधा. ते संयुक्त असेल तर अर्थासाठी मुख्य धातू धरा, पण कर्त्याच्या विभक्तीसाठी शेवटचा भाग पाहा. ‘त्याने पत्र लिहून टाकले’ आणि ‘तो पत्र लिहू लागला’ या दोन्हींत लिहिणे सकर्मकच आहे. पहिल्यात शेवटी ‘टाकणे’ आहे, ते भूतकाळात ‘ने’ मागते. दुसऱ्यात ‘लागणे’ आहे, ते मागत नाही. तसेच ‘तो पत्र लिहू शकला’, पण ‘त्याने पत्र लिहायला घेतले’. मराठी नव्याने शिकणाऱ्यांचे ‘त्याने लिहू शकला’ हे वाक्य लिहिणे या धातूकडे बघून तयार होते. बघायला हवे शकण्याकडे.

पायरी २: ‘णारा’ लावून कर्ता काढा

धातूला ‘णारा’ लावायचा आणि कोण किंवा काय असे विचारायचे. खाणारा कोण? राम. सुटणारी काय? शाळा. ‘तो पाच किलोमीटर चालला’ मध्ये चालणारा कोण? तो. किलोमीटरला प्रत्यय नाही, पण एवढ्यावरून तो कर्ता ठरत नाही; ते नुसते परिमाण आहे. ‘ती दोन तास थांबली’ मधल्या तासांचेही तेच.

आज्ञार्थात कर्ता बहुधा गाळलेला असतो. ‘मुलांनो, बसा’ मध्ये ‘मुलांनो’ हे संबोधन आहे, कर्ता ‘तुम्ही’ अध्याहृत आहे. ‘राम, इकडे ये’ मध्ये ‘राम’ प्रथमेसारखा दिसतो, पण तिथेही हाक आहे आणि कर्ता ‘तू’. ‘राम, इकडे ये’ आणि ‘राम इकडे येतो’ यांत नामाचे रूप एकच आहे. फरक स्वल्पविरामाने आणि क्रियापदाने कळतो.

पायरी ३: शब्द प्रथमेत आहे का ते रूपावरून तपासा

प्रथमेची खूण म्हणजे प्रत्यय नसणे आणि सामान्यरूपही नसणे. ‘घोडा’ प्रथमेत आहे. ‘घोड्या’ हे सामान्यरूप दिसले की पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय असणार. पण प्रत्येक नाम इतके स्पष्ट बोलत नाही. ‘नदी’ आणि ‘नदीला’ यांत मूळ भाग सारखाच राहतो. अशा वेळी नामाआधी ‘मोठा’ हे विशेषण ठेवून पाहा. प्रथमेत ‘मोठा देव’, ‘मोठी नदी’, ‘मोठे घर’ असे लिंगाप्रमाणे रूप मिळते. सामान्यरूपाआधी मात्र तिन्ही लिंगांत ‘मोठ्या’ येते: मोठ्या देवाला, मोठ्या नदीला, मोठ्या घराला. स्त्रीलिंगी अनेकवचनात ही चाचणी चालत नाही, कारण ‘मोठ्या नद्या’ ही प्रथमाच आहे. तिथे नामाच्या जागी ‘मुलगे’ घालून बघा. ‘मुलगे’ बसले तर प्रथमा, ‘मुलग्यां’ करावे लागले तर नाही.

एक फसवी जागा: ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘मात्र’ हे शब्द नामाला चिकटले तरी सामान्यरूप होत नाही. ‘मुलगासुद्धा आला’ मधला मुलगा प्रथमेतच आहे. ‘मुलाजवळ’ मधला नाही.

प्रथमेचे अनेकवचन हाही चुकांचा मोठा साठा आहे. पुल्लिंगी आकारान्त नामांचा ए होतो (आंबा–आंबे), इतर पुल्लिंगी नामे तशीच राहतात (देव, कवी, लाडू); काका, मामा, दादा ही नात्याची नामेही बदलत नाहीत. स्त्रीलिंगी अकारान्तांत दोन गट आहेत: वीट–विटा, चूक–चुका हा एक, भिंत–भिंती, म्हैस–म्हशी, विहीर–विहिरी हा दुसरा. कोणता शब्द कोणत्या गटात हे नियमाने सांगता येत नाही, शब्दच लक्षात ठेवावा लागतो. ईकारान्ताचे या (भाकरी–भाकऱ्या), आकारान्त तसेच (शाळा–शाळा). ऊकारान्तांत सासू–सासवा, जळू–जळवा असे थोडे शब्द बदलतात. वस्तू, बाजू बदलत नाहीत. नपुंसकलिंगात घर–घरे, लिंबू–लिंबे, पण केळे–केळी, नाणे–नाणी, खेडे–खेडी. ‘केळी पिकली’ या वाक्याचा अर्थ लावताना म्हणूनच ‘केळे’चे अनेकवचन डोक्यात हवे.

पायरी ४: ‘ने’ असेल तर वाक्य वर्तमानकाळात न्या

ही सगळ्यांत उपयोगी चाचणी. ‘रामाने सुरीने आंबा कापला’ या वाक्यात ‘ने’ दोनदा आहे. ते वर्तमानकाळात आणा: ‘राम सुरीने आंबा कापतो’. ज्याचा ‘ने’ गळला तो कर्ता, ज्याचा टिकला ते करण. ‘मुलांनी पुस्तक वाचावे’ वरही हीच चाचणी चालते: ‘मुले पुस्तक वाचतात’. कर्त्याचा ‘ने’ क्रियापदाच्या रूपामुळे आलेला असतो, रूप बदलले की तो जातो. सुरी मात्र कोणत्याही काळात साधनच राहते.

नियम असा सांगता येईल: साध्या वर्तमानकाळात, भविष्यकाळात आणि रीतिभूतकाळात (खातो, खाईल, खात असे) कर्ता प्रथमेत. सकर्मक धातूच्या ‘ला’ प्रत्ययाच्या भूतकाळात आणि त्यावरून होणाऱ्या पूर्ण काळांत (खाल्ला, खाल्ला आहे, खाल्ला होता) कर्ता तृतीयेत. ‘आवे’ प्रत्ययाच्या विध्यर्थात अकर्मक धातूलाही ‘ने’ लागतो: ‘रामाने आता जावे’.

याला अपवाद आहेत आणि ते रोजच्या वापरातले आहेत. बोलणे, शिकणे, विसरणे, चुकणे, भेटणे, नेसणे यांना कर्म असले तरी भूतकाळात कर्ता प्रथमेतच राहतो: तो मराठी बोलला, ती गणित शिकली, तो छत्री विसरला, ती रस्ता चुकली. ‘ती साडी नेसली’ पण ‘तिने कुडता घातला’ ही जोडी लक्षात ठेवली की गट आठवतो. पिणे आणि जिंकणे दोन्हीकडे जातात: तो दूध प्याला आणि त्याने दूध प्यायले, तो सामना जिंकला आणि त्याने सामना जिंकला. म्हणणे याची दोन रूपेच वेगळी आहेत: ‘तो म्हणाला’ किंवा ‘त्याने म्हटले’. ‘त्याने म्हणाला’ हे मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

मी, तू, आम्ही, तुम्ही: लपलेली तृतीया

‘मी गेलो’ आणि ‘मी आंबा खाल्ला’. दोन्हीकडे ‘मी’, म्हणून दोन्हीकडे प्रथमा, असे उत्तर पुष्कळ जण लिहितात. तसे नाही. दुसऱ्या वाक्यात ‘तो’ घातला तर ‘त्याने’ होतो, म्हणजे तिथला ‘मी’ तृतीयेतला आहे; रूप तेवढे सारखे आहे. पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषाच्या सर्वनामांत आजच्या प्रमाण मराठीत प्रथमा व तृतीया एकसारख्या दिसतात. जुन्या भाषेतली ‘म्या’ आणि ‘त्वा’ ही रूपे हा भेद उघड दाखवत. गोव्याच्या कोंकणीत तो आजही जिवंत आहे: ‘हांव गेलों’, पण कर्म असलेल्या भूतकाळात ‘हांवें’.

लपलेली तृतीया बाहेर काढायची युक्ती सोपी आहे. सर्वनामाला ‘सगळे’, ‘दोघे’ किंवा ‘एकटा’ जोडा. ‘आम्ही दोघे गेलो’, पण ‘आम्ही दोघांनी चहा घेतला’. ‘मी एकटा आलो’, पण ‘मी एकट्याने सामान उचलले’. ‘आम्ही सगळे आंबे खाल्ले’ याचा अर्थ सगळे आंबे संपले असा होतो. खाणारे सगळे होते असे म्हणायचे असेल तर ‘आम्ही सगळ्यांनी आंबे खाल्ले’ हेच लिहावे लागते. सर्वनामाने लपवलेली विभक्ती शेजारचा शब्द सांगून टाकतो.

‘कोणी’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. ‘कोणी आले का?’ मध्ये तो अनिश्चित अर्थाचा आणि प्रथमेत आहे. ‘काच कोणी फोडली?’ मध्ये ‘कोण’ची तृतीया आहे.

पायरी ५: क्रियापद कोणाच्या मागे जाते?

आता एकेक नाम बदलून पाहा. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘सीतेने आंबा खाल्ला’: कर्ता बदलूनही क्रियापद हलले नाही. ‘रामाने पोळी खाल्ली’, ‘रामाने आंबे खाल्ले’: कर्म बदलले की हलले. म्हणजे कर्मणी प्रयोग, आणि इथे प्रथमेत कर्म आहे. क्रियापद ज्या नामाप्रमाणे चालते ते नाम मराठीत प्रथमेत असते. उलटे मात्र धरू नका. ‘मुलगा पोळी खातो’ मध्ये पोळीलाही प्रत्यय नाही, पण क्रियापद तिच्या मागे जात नाही. अशा कर्माला काही पुस्तके प्रथमा म्हणतात, काही प्रत्यय लोपलेली द्वितीया. परीक्षेत आपल्या अभ्यासक्रमाचे पुस्तक जे म्हणते ते लिहावे. वाद नावाचा आहे, वाक्याच्या बांधणीचा नाही.

कर्माला ‘ला’ किंवा ‘स’ लागला की क्रियापदाला मागे जायला कोणीच उरत नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबते: ‘मी गाय पाहिली’, पण ‘मी गाईला पाहिले’. हा भावे प्रयोग. ‘त्याने तिला मारली’ असे काही बोलींत ऐकू येते. प्रमाण लेखनात ‘मारले’.

‘तू आंबे खाल्लेस’ हे रूप थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ‘खाल्ले’ आंब्यांप्रमाणे आणि शेवटचा ‘स’ तू प्रमाणे. तू पोळी खाल्लीस, तुम्ही पोळ्या खाल्ल्यात. एकाच क्रियापदात दोघांची दखल, म्हणून याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. हा ‘स’ गाळून ‘तू आंबे खाल्ले’ लिहिणे सर्रास दिसते. ‘स’सह लिहिणे अधिक नेटके.

‘मला’ने सुरू होणारी वाक्ये

मला आंबा आवडतो. त्याला राग आला. तिला थंडी वाजते. मला दोन मुली आहेत. या वाक्यांचा काळ कितीही बदला, ‘ला’ हटत नाही, म्हणजे हा ‘ने’सारखा काळाने आलेला प्रत्यय नव्हे. क्रियापद आंबा, राग, थंडी, मुली यांच्या मागे जाते. ‘मला तू आवडतेस’ मध्ये तर क्रियापदाने द्वितीय पुरुषही घेतला आहे, तेव्हा ‘तू’ प्रथमेत आहे याबद्दल शंका उरत नाही.

मग कर्ता कोण? ‘णारा’ची पद्धत सांगते: आवडणारा काय, आंबा, वाजणारी काय, थंडी. शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सहसा हेच उत्तर धरतात आणि प्रयोग कर्तरी मानतात. भाषाशास्त्राचे अभ्यासक मात्र ‘ला’ लागलेल्या शब्दात कर्त्याचे काही गुण दाखवतात. ‘रमाला आपली आई आवडते’ मधली ‘आपली’ रमाकडे जाते, आणि ‘आपला’ हा शब्द सहसा कर्त्याकडेच जातो. ‘भाषण ऐकून त्याला झोप आली’ मध्ये ऐकणारा तोच आहे, झोप नव्हे. परीक्षेत ‘आंबा’ लिहा. पण मुलांना शिकवताना ‘आंबा आवडण्याचे काम करतो’ असे सांगू नका. त्यापेक्षा ‘क्रियापद आंब्याप्रमाणे चालते आणि अनुभव घेणारा चतुर्थीत आहे’ हे कोणालाही पटते.

‘हा’ की ‘ही’?

आहे, होणे, ठरणे या क्रियापदांबरोबर दोन नामे प्रथमेत येतात: ‘ती डॉक्टर आहे’, ‘राम राजा झाला’. दुसरे नाम पूरक, म्हणजे विधान पूर्ण करणारे. इथली खरी अडचण वृत्तपत्री वाक्यांत दिसते: ‘पाणीटंचाई ही मोठा प्रश्न आहे’. मराठीत मधले दर्शक सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही पूरकाप्रमाणे चालतात: ‘पाणीटंचाई हा मोठा प्रश्न होता’, ‘त्याचा स्वभाव ही मोठी अडचण होती’. टंचाई स्त्रीलिंगी असूनही ‘होती’ येत नाही.

मजकूर तपासताना हमखास सापडणाऱ्या चुका

पहिली चूक एका कर्त्यावर दोन क्रियापदे टांगण्याची. ‘मंत्री सभेला आले आणि भाषण केले.’ आले याला ‘मंत्री’ हवे, केले याला ‘मंत्र्यांनी’. एकच शब्द दोन्ही विभक्त्यांत असू शकत नाही. उपाय दोन: ‘मंत्री सभेला आले आणि त्यांनी भाषण केले’, किंवा ‘मंत्र्यांनी सभेला येऊन भाषण केले’. दुसऱ्या वाक्यात ‘ऊन’ असलेल्या धातूला मत नाही, शेवटचे क्रियापद विभक्ती ठरवते. म्हणूनच ‘तो आंबा खाऊन झोपला’. गंमत अशी की ‘मी घरी आलो आणि जेवण केले’ हे खटकत नाही, कारण ‘मी’ची दोन्ही रूपे सारखीच आहेत. प्रथमपुरुषी लिहायची सवय असलेले लेखक तृतीयपुरुषी लिहू लागले की ही चूक करतात, त्याचे मूळ इथे आहे.

दुसरी चूक अनुस्वाराची. एकवचनात ‘ने’ आणि अनुस्वार नाही: त्याने, मुलाने. अनेकवचनात आणि आदरार्थी ‘नी’ आणि आधी अनुस्वार: त्यांनी, मुलांनी, सरांनी, बाबांनी. ‘त्यांने’ आणि ‘त्यानी’ ही दोन्ही रूपे चूक. ‘तिने’लाही अनुस्वार नाही.

तिसरी, कर्मणी वाक्यात क्रियापद कर्त्याच्या मागे नेण्याची: ‘मुलीने निबंध लिहिली’. मराठी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांत ही फार दिसते. ‘ने’ दिसला की क्रियापदाने त्या शब्दाकडे पाहायचे सोडायचे, एवढे घोकून घेतले तरी पुरते.

एक उतारा सोडवून

‘पहाटे गारा पडल्या. शेतकऱ्यांना काळजी वाटू लागली. सखूने दोरीने ताडपत्री बांधली, पण तिला कांद्याच्या दोन चाळी झाकता आल्या नाहीत.’

पडणाऱ्या काय? गारा. प्रत्यय नाही, ‘मोठ्या’ची चाचणी इथे निरुपयोगी (स्त्रीलिंगी अनेकवचन), ‘मुलगे पडले’ चालते, प्रथमा, कर्तरी. दुसऱ्या वाक्यात शेवटचा भाग ‘लागली’, तो काळजीमागे जातो. काळजी प्रथमेत, शेतकरी चतुर्थीत. तिसऱ्यात वर्तमानकाळ करा: ‘सखू दोरीने ताडपत्री बांधते’. सखूचा ‘ने’ गेला, ती कर्ता, दोरी करण, ताडपत्री हे कर्म प्रथमेत आणि ‘बांधली’ तिच्यामागे. सखू आणि ताडपत्री दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने ‘बांधली’ कोणाची हे कळत नसेल, तर ताडपत्रीच्या जागी ‘पडदा’ घाला: ‘सखूने पडदा बांधला’. शेवटच्या भागात झाकणारी तीच, पण विभक्ती ‘येणे’ने ठरवली आहे, म्हणून ‘तिला’. ‘आल्या’ हे रूप चाळींप्रमाणे, आणि ‘दोन चाळी’ऐवजी ‘एक चाळ’ केले की लगेच ‘झाकता आली नाही’ होते.